तिकडे दाखवणार नाहीत

मेट्रो क्वीन्सटाउन स्टेशनला थांबली तेव्हा उल्काला तो आवाज ऐकू आला. आधी तिला वाटलं, आपल्याच डोक्यात आहे. गेल्या दहा दिवसांत तो तसा अधूनमधून येत असे, भाजी चिरताना, अंगावर पाणी घेताना. पण हा बाहेरून येत होता. शेजारच्या सीटवर साठीची एक चिनी बाई मोबाइल उभा धरून बसली होती, इअरफोन न लावता. पायांशी चाकाची पिशवी, तिच्यातून कांद्याची पात डोकावत होती. आणि त्या पडद्यावर, उल्काच्या कंपनीनं केलेल्या फिल्ममधली तेमा म्हणत होती, “माझे हात रिकामे नव्हते. पाठीवर लाकडं होती.” त्यापुढे शांतता. ही शांतता साडेचार सेकंदांची आहे हे उल्काला ठाऊक होतं, कारण मूळची अकरा सेकंदांची होती आणि ती कुठून कुठवर कापायची हे तिनंच एडिटरच्या शेजारी बसून ठरवलं होतं. समोर उभ्या असलेल्या कुणीतरी नापसंतीनं पाहिलं, तशी बाईनं आवाज कमी केला. पाहणं मात्र सोडलं नाही. उल्काची नजर आपल्या मोबाइलवर आहे हे लक्षात आल्यावर तिनं तो थोडा उल्काकडे वळवला, फराळाचं ताट पुढे करावं तसा. “व्हेरी ब्रेव्ह, धिस गर्ल,” ती हळूच म्हणाली. “हर ओन पीपल मस्ट बी सो प्राउड.” उल्का हो म्हणाली. मग तिला वाटलं, गाडीचा एसी आज फार लावलाय. ओढणी खांद्यावरून घेऊन तिनं गळ्याभोवती गुंडाळली.

आउट्रम पार्कला ती उतरली आणि लोकांच्या लोंढ्याबरोबर दुसऱ्या लाइनकडे चालू लागली. इतक्या वर्षांत पाय आपोआप चालत; बुकित बातोकच्या ऑफिसातून हौगांगच्या घरापर्यंत सव्वा तास, रोजचा, आणि त्या सव्वा तासात ती सहसा काहीच विचार करत नसे. तिचं कामच असं होतं की दिवसभर बारकाईनं बघायचं आणि बाहेर पडल्यावर काही बघायचं नाही. फिल्म तयार झाली की तिच्यातल्या प्रत्येक माणसाचा, प्रत्येक फोटोचा, मागे वाजणाऱ्या प्रत्येक सुरावटीचा परवानगीचा कागद लागतो. ते कागद गोळा करायचे, तपासायचे, सांभाळायचे. औद्योगिक इमारतीच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या छोट्या कंपनीत ती चाळिसाव्या वर्षी लागली. तोवर ती संजीवच्या मागे परदेशात आलेली बायको होती. मुलीला, इराला, बालवाडीत पोचवायची, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करायची. कंपनीचा मालक श्रीनिवास माटुंग्यात वाढलेला, मुंबईचं मराठी फाडफाड बोलायचा. मुलाखतीत त्यानं एवढंच विचारलं होतं, “कागद हरवत नाहीस ना?” तिनं बारा वर्षांत एकही हरवला नव्हता.

ती फिल्म आली चार वर्षांपूर्वी. उत्तरेकडच्या एका थंड देशाच्या सरकारला, इथून दोन-तीन देश पलीकडे डोंगरात राहणाऱ्या लोकांच्या बाजूनं बोलणारी चाळीस मिनिटांची फिल्म हवी होती. त्या लोकांची गावंच्या गावं सैनिकांनी रिकामी केली होती. जगानं हे बघावं, अशी त्या सरकारची इच्छा. ऑफिसात त्या देशाचं नाव कुणी घेत नसे, ‘क्लायंट’ म्हणत. क्लायंटच्या कायद्यात एक गंमत होती. अशी परदेशांसाठी केलेली सरकारी फिल्म त्यांच्या स्वतःच्या देशात दाखवायला बंदी होती. आपल्याच लोकांनी काय विचार करावा हे सरकारनं शिकवू नये, म्हणून. श्रीनिवासला याचं भारी कौतुक होतं. उल्कालाही वाटलं होतं, किती सुसंस्कृत लोक.

तेमा त्या डोंगरातलीच. उल्काला ती सापडली इथल्या एका वृद्धाश्रमात. तिथं ती म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची, भरवायची. तिशीची, बुटकी, मनगटं जाड. पहिल्या दिवशी उल्का गेली तेव्हा ती एका नव्वदीच्या आजीचे केस विंचरत होती. आजीच्या डोक्यावर केस म्हणावे असे वीस-पंचवीसच होते, पण तेमा दहा मिनिटं विंचरत राहिली, कारण आजीला ते आवडत होतं. कॅमेऱ्यामागच्या पुरुषांशी ती बोलेना. मग श्रीनिवास म्हणाला, “उल्का, तू बस समोर.” उल्का कधी कुणाच्या समोर बसली नव्हती. रेकॉर्डिंगसाठी एसी बंद केला होता, खोलीत जीव घाबरत होता, तेमाच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमत होते आणि ती ते जिभेनं टिपत होती. दोन तास ती गावाबद्दल बोलली, मक्याबद्दल, नदीबद्दल, शाळेबद्दल. सगळं वापरता येण्यासारखं, आणि कशातच काही नाही असं. मग ती थांबली. म्हणाली, “अजून एक आहे. पण मॅडम, ही फिल्म तिकडे दाखवणार का? त्या देशात?” तिचा भाऊ त्या थंड देशात आधीच गेला होता. चार महिन्यांनी तीही कायमची तिथं जायची होती, त्याच गावात, जिथं त्यांच्या डोंगरातली पन्नासेक कुटुंबं वसवली होती.

“तिकडे दाखवणार नाहीत,” उल्का म्हणाली. “त्यांचा कायदाच आहे तसा.”

“नक्की?”

“नक्की. मी सांगते ना.”

मग तेमानं सांगितलं. ती पंधरा वर्षांची होती. लाकडं घेऊन उतरत होती. पायवाटेवर सैनिक भेटले. त्यांनी विचारलं, मास्तरचं घर कुठलं. मास्तर म्हणजे गावच्या शाळेचे गुरुजी, तिला त्यांनीच लिहायला शिकवलं होतं. तिला कळत होतं कशासाठी विचारतायत. आणि कळतही नव्हतं. हात रिकामे नव्हते, पाठीवरच्या मोळीची दोरी दोन्ही हातांनी धरलेली होती. तिनं हनुवटीनं दाखवलं. नुसती हनुवटी उचलली, उजवीकडे. हे सांगताना तिनं ती तशीच उचलली. चेहरा ओळखू येऊ नये म्हणून दिवा असा लावला होता की नाकाच्या वरचा भाग अंधारात राहावा. उजेडात होती ती फक्त हनुवटी. गुरुजी घरात नव्हते. त्यांच्या मुलाला नेलं. तो परत आला नाही. “गुरुजी आता तिकडेच असतात,” तेमा म्हणाली. “माझा भाऊ राहतो त्याच्या मागच्या गल्लीत. त्यांना माहीत नाही, कुणी दाखवलं. मॅडम, मी त्यांची सेवा करणार आहे. मी ठरवलंय.” असं म्हणून तिनं पाणी मागितलं.

उल्काला त्या रात्री घरी आल्यावर जेवण गेलं नव्हतं. पण त्याच वेळी, हे तिनं स्वतःशी कबूल करायला फार दिवस लावले, तिच्या आत काहीतरी फुललंही होतं. फिल्ममध्ये ती दोन मिनिटं होती. बाकीची अडतीस मिनिटं त्या दोन मिनिटांच्या आधारानं उभी होती, असं क्लायंटच्या माणसानं पत्रात लिहिलं. श्रीनिवासनं ते पत्र छापून तिच्या टेबलावर ठेवलं. तेमाच्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी लावायचा इथला ‘लाह’ शिरला होता, जगात कुणी हसायला नको म्हणून ते सगळे काढले. आणि ती अकरा सेकंदं साडेचारांवर आणली. फिल्म तीस-बत्तीस देशांत दाखवली गेली. तेमा तिकडे गेली, एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, गाडी चालवायला शिकली. नव्या वर्षाला तिचा मेसेज यायचा, बर्फात उभी असलेली, नाक लाल झालेलं. उल्काही दिवाळीला पणत्यांचा फोटो पाठवायची. बस, एवढंच.

यंदाच्या जानेवारीत संजीवनं नाश्त्याच्या टेबलावर बातमी वाचून दाखवली. डोंगरातल्या लोकांवर पुन्हा हल्ले झाले होते, त्या थंड देशात मोर्चे निघाले होते, आणि तिथल्या संसदेनं फक्त या एका फिल्मपुरता कायदा बाजूला ठेवून ती देशभर टीव्हीवर दाखवायची परवानगी दिली होती. एका दुपारीत. विरोधात एकही मत नाही. “बाई, तुझी फिल्म,” संजीव म्हणाला. इरा मोबाइलवरून मान वर करून म्हणाली, “मा, सो कूल लाह. टीचरला सांगू?” आणि उल्काला आनंद झाला. पुढे जे झालं त्याची उजळणी करताना ती दर वेळी या आनंदाशी येऊन अडखळायची. चहा संपेपर्यंत, कप विसळेपर्यंत, लिफ्टमधून खाली येईपर्यंत ती नुसती खूश होती. तेमा तिला आठवली बसस्टॉपवर, आणि तेव्हाही मनात आधी आलं ते असं, की तिलाही बरंच वाटेल, आपल्या लोकांसाठी एवढं होतंय तर.

क्लायंटचा मेल तीन दिवसांनी आला. फिल्ममधल्या अकरा बोलणाऱ्या माणसांचा तक्ता, शेवटचा रकाना रिकामा. देशांतर्गत प्रसारणाला संमती आहे किंवा नाही, ते लिहून दोन दिवसांत परत पाठवा. ज्यांची संमती नसेल त्यांचा भाग वगळला जाईल. इतकं साधं, सभ्य पत्र. तेमा सातव्या ओळीत होती. उल्का उठून श्रीनिवासच्या काचेच्या केबिनमध्ये गेली.

“तिचा फॉर्म काय म्हणतो?” त्यानं विचारलं.

“जगभर, सर्व माध्यमं.”

“मग?”

“मी तिला तोंडी सांगितलं होतं, तिकडे दाखवणार नाहीत म्हणून.”

“ते फॉर्मवर आहे का?”

“नाही.”

श्रीनिवासनं चष्मा काढून डोळे चोळले. “तिला फोन कर आणि विचार. नाही म्हणाली तर नाही लिही. मी काही बोलणार नाही. तुझं काम आहे, तू ठरव.”

त्यानं दटावलं असतं, कंपनीचं नाव घेतलं असतं, तर किती सोपं झालं असतं. आज कुणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं. पण त्यानं खरंच तिच्यावर सोडलं, आणि ती जागेवर येऊन बसली. तेमाचा नंबर मोबाइलमध्ये होता. तिनं मेसेज लिहिला: तेमा, एक विचारायचं होतं. मग घड्याळ बघितलं, तिकडे पहाटेचे चार असतील, झोपली असेल. पुसला. दुपारी परत लिहिला, तेव्हा तिकडे ती शाळेत कामात असेल. पुसला. संध्याकाळी घरी जाऊन करू. घरी संजीवनं लिटिल इंडियातून जिलबी आणली होती, मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदन चाललं होतं. खरं कारण तिला तेव्हाही माहीत होतं. विचारलं तर तेमा नाही म्हणेल, आणि मग ती दोन मिनिटं जातील, आणि राहील ती मक्याची, नदीची अडतीस मिनिटं, कुणालाही करता आली असती अशी. न विचारण्यासाठी तिनं कारणं मात्र चांगली शोधली. लाखो लोक बघतील, मदत होईल. चेहरा तर दिसतच नाही. एवढ्या वर्षांनी कोण ओळखणार. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तक्ता उघडला, पहिल्या ओळीत ‘हो’ लिहिलं, चौकटीचा कोपरा माउसनं पकडला आणि खाली ओढत नेला. अकरापर्यंत. सातव्या ओळीवर हात थांबला नाही. थांबायला काही जागाच नव्हती, एकच हालचाल होती ती. ‘हो’ आपोआप उतरत गेले. मग ती पँट्रीत जाऊन कॉफी घेऊन आली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी फिल्म लागली. त्याला आता दहा दिवस झाले. तुकडे जगभर फिरत होते, तेमाचा तुकडा सगळ्यांत जास्त. तेमाचा मेसेज आला नव्हता. उल्कानंही केला नव्हता. रोज ती म्हणे, काही झालं असतं तर तिनं कळवलं असतं. इराच्या वर्गात ती दोन मिनिटं दाखवली. टीचरनं विचारलंय, तुझी आई येऊन बोलेल का. उल्का म्हणाली, बघू.

लिटिल इंडिया स्टेशन गेलं. पोटऱ्या दुखत होत्या, बसायला जागा होती, पण ती उभीच राहिली. फरर पार्क, पोटाँग पासिर. हर ओन पीपल मस्ट बी सो प्राउड. मघाशी हे म्हणताना त्या बाईनं डोळे पुसले होते, बोटाच्या मागच्या बाजूनं, कांद्याचा हात लागू नये म्हणून पुसतात तसे; अश्रू अगदी खरे. बाईचं काय चुकलं होतं? कुणाचंच काय चुकलं होतं? संसदेतल्या माणसांनी एका दुपारी मनापासून हात वर केले होते. मोर्चातल्या लोकांनी थंडीत मेणबत्त्या धरल्या होत्या. सगळ्या जगात चांगुलपणाची अशी एक लाट आली होती आणि तिच्याखाली नेमकं कोण आलं, हे फक्त उल्काला माहीत होतं. ते कुणाला सांगावं तर सांगण्यासारखं दिसतही नव्हतं. कागद तर बरोबरच होता.

हौगांगला उतरून ती आपल्या ब्लॉकपाशी आली. खालच्या मोकळ्या जागेत दोन म्हातारे पटावर सोंगट्या हलवत बसले होते. लिफ्टचं बटण तिनं दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं आणि मिटलं. ती परत फिरून दगडी बाकावर बसली. साडेसहा वाजले होते. तिकडे साडेअकरा, सकाळचे. ना झोपेची वेळ, ना कामाची. आज तिची सुट्टी असते हेही उल्काला ठाऊक होतं. तिनं नंबर लावला. दुसऱ्या रिंगलाच उचलला.

“मॅडम,” तेमा म्हणाली. आवाज नेहमीचा, थोडा बसलेला. त्या दोघींचं इंग्रजी कामचलाऊ होतं, पण त्यांना पुरायचं.

“तेमा, कशी आहेस? कामात आहेस का?”

“नाही. गाडीत बसलेय.”

“मग चालवताना नको.”

“गाडी उभी आहे. गुरुजी बसस्टॉपवर उभे आहेत, मी मागे थांबलेय.” मग म्हणाली, “त्यांचं डायलिसिस असतं, आठवड्यातून तीनदा. दोन वर्षं मीच नेत होते. आता ते बसनं जातात.”

“बसनं?” उल्कानं विचारलं.

“टीव्हीवर लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी गेले,” तेमा सांगू लागली. “त्यांनी दार उघडलं. कोट घालून तयार होते. माझ्याकडे बघितलं, आणि गाडीवरून पुढे चालत गेले. रागावले नाहीत. काहीच बोलले नाहीत. बर्फ आहे ना मॅडम, ते पडतील म्हणून मी मागून जाते. स्टॉपपाशी थांबते. बस आली की बसच्या मागे.”

“त्यांना चेहऱ्यावरून कळलं?”

“हनुवटीवरून. त्यांनी मला शिकवलंय. वर्गात उत्तर आलं की मी हात वर करायची नाही, हनुवटी वर करायची. ते सगळ्यांसमोर नक्कल करायचे माझी.” ती किंचित हसल्यासारखी झाली. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला माहीत आहे, कायदा बदलला. फिल्म लागली तेव्हा इथे टीव्हीवर सांगितलं. तुमच्या हातात काय होतं?”

पलीकडे पटावर सोंगटी आपटल्याचा आवाज झाला. उल्काला क्षणभर इतकं हलकं वाटलं की बाकावरून उठावंसं वाटलं. बाहेर जायचा रस्ता तेमानंच दाखवला होता, दारही तिनंच उघडून धरलं होतं. फक्त हं म्हणायचं होतं. हं म्हटलं असतं तर दिवाळीला पणत्यांचा फोटो पाठवता आला असता, नव्या वर्षाला लाल नाक दिसलं असतं.

“तेमा, मला विचारलं होतं त्यांनी,” ती म्हणाली. “तुझा भाग ठेवायचा की काढायचा, ते मला विचारलं होतं. मी हो लिहिलं. तुला न विचारता.”

फोनमध्ये वायपर एकदा सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. ही शांतता उल्का मोजू शकली असती, पण तिनं मोजली नाही.

“कधी विचारलं होतं?” तेमानं विचारलं.

“लागायच्या आधी. तीन आठवडे.”

“तीन आठवडे.” ती मनातल्या मनात काहीतरी मोजत होती. “म्हणजे नऊ फेऱ्या.”

“काय?”

“नऊ वेळा ते माझ्या शेजारी बसले होते, मॅडम. जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस मिनिटं. येताना थकलेले असतात, डोळे मिटून बसतात. मी रोज ठरवायची, आज सांगू. दोन वर्षं ठरवत होते. घाई नव्हती ना. तुम्ही फोन केला असता तर मी सांगून टाकलं असतं. नऊमधल्या एका फेरीत नक्की सांगितलं असतं.” तिचा आवाज चढला नाही, ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. “मग टीव्हीवर खुशाल लावा म्हटलं असतं मी.”

उल्काला वाटलं, माफी मागावी. इंग्रजीतला तो शब्द तोंडाशी आला, दिवसातून वीस वेळा लिफ्टमध्ये, गाडीत, रांगेत म्हणतो तोच. तो तिला उच्चारवेना. मराठीतला तेमाला कळला नसता.

“तुम्ही नाही म्हणायला हवं होतं असं मी म्हणत नाही,” तेमा म्हणाली. “विचारायला हवं होतं.”

“हो.”

“बस आली.”

उल्काला वाटलं, आता ती फोन ठेवेल. तिनं ठेवला नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, ब्लिंकरची टिकटिक, मग टायरांखाली काहीतरी ओलं, जाडसर चिरडत जाणारं. ठेवायला विसरली, की मुद्दाम तसाच राहू दिला, कळायला मार्ग नव्हता. उल्कानंही ठेवला नाही. वर सातव्या मजल्यावर संजीव आला असेल, इरा कुकर लावून बसली असेल. मध्ये एकदा तिचा फोन येऊन गेला, उल्कानं घेतला नाही. म्हाताऱ्यांनी पट गुंडाळला, एकमेकांना हात केला आणि दोन बाजूंच्या दोन लिफ्टकडे गेले. कानाशी धरलेला मोबाइल गरम झाला होता. दर काही मिनिटांनी पलीकडे गाडी थांबायची, तेव्हा समोरची बसही कुठल्यातरी स्टॉपवर थांबली असेल. मग दोन्ही निघायच्या. 

पंचवीसऐवजी चाळीस मिनिटं लागली.

“उतरले,” तेमा म्हणाली, उल्काला की स्वतःलाच. हँडब्रेक ओढल्याचा आवाज झाला. “आत गेले.”

मग फोन बंद झाला. उल्का बाकावर बसून राहिली. इरा खाली आली तेव्हा अंधार पडला होता. आईजवळ बसत तिनं विचारलं की टीचरला काय सांगू, येशील ना बोलायला. उल्का म्हणाली, “आधी तुला सांगते, ते ऐक. मग तू ठरव, बोलवायचं का.” आणि मांडीवर पालथा पडलेला मोबाइल बाजूला ठेवून तिनं सुरुवात केली, मेल आला त्या दिवसापासून.